तरसाची अक्कलदाढ

मुलांनो, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका डोंगरउतारावर एक तरुण तरस राहत असे. वाघाने टाकलेले हाड तो सुपारीसारखे फोडी, आणि आपल्या जबड्याचा त्याला फार अभिमान होता. एकदा त्याला शेवटची दाढ येऊ लागली. ती अर्धीच वर आली. उरलेल्या भागावर हिरडीची घडी तशीच राहिली. घडीखाली खाल्लेले अडकू लागले आणि हिरडी टरारून सुजली.

"हे कुणाला कळलं तर आपल्याला भिणार कोण?" असे मनाशी म्हणत तरस दुसऱ्या बाजूने चावू लागला. ठणका सोसेना तेव्हा त्याने कोल्ह्याला गाठले. कोल्ह्याने एक झोंबरी मुळी दिली. "ही दाढेखाली धर. दुखायचं थांबेल, तोंड कुणाला दाखवायला नको." दुखणे खरोखरच थांबले. पण आतली घाण आतच होती. काही दिवसांत गाल फुगला, अंगात ताप भरला आणि जबडा धड उघडेनासा झाला. समोर हाडे पडलेली असताना तरसाला पाण्याचा घोटही गिळवेना.

तेव्हा तो मुकाट्याने वडाखाली गेला. तिथली म्हातारी वानरी सगळ्यांचे काटेकुटे, दातदाढा बघायची. तरस दिसताच बाकीची वानरे शेंड्याकडे पळाली. वानरी मात्र खाली उतरली.

"आजी, माझी दाढ बघता का?"

"बघते. पण माझा हात तुझ्या तोंडात असेल. कितीही दुखलं तरी जबडा मिटायचा नाही."

"नाही मिटणार," तरस म्हणाला.

तरसाने जबडा कसाबसा उघडला आणि वानरीने घडी हळूच उचलली. तरसाच्या मस्तकात कळ गेली. जबडा आपोआप मिटू पाहत होता. त्याने पुढच्या पायांच्या नख्या मातीत रुतवल्या आणि तोंड उघडेच ठेवले. आतून हाडाची बारीक कपची निघाली, मागोमाग पू आला. वानरीने त्याला खाऱ्या झऱ्यावर नेऊन गुळण्या करायला लावल्या. "बरं वाटलं म्हणून थांबू नकोस. खाल्लं की गुळण्या कर. आणि पुन्हा सुजलं तर ही दाढ काढावीच लागेल. तिला नीट वर यायला जागाच नाही."

तरसाने तसेच केले. सूज उतरली, ताप गेला. पुढे हिवाळ्यात हिरडी पुन्हा दुखू लागली, तेव्हा कोल्हा मुळी घेऊन वाटेत उभाच होता. "राहू दे," तरस म्हणाला, "मला आजींकडे जायचंय." वानरीने ती दाढ काढून टाकली. थोडे दिवस तरसाने मऊ खाल्ले, आणि मग एका सकाळी रानगव्याचे मांडीचे हाड कडाडून फोडले.

तात्पर्य : दुखणे बधिर झाले म्हणजे बरे झाले असे नाही, ते न लपवता जाणत्याला वेळीच दाखवावे आणि त्याचे मूळच काढावे.