तिसऱ्या हाकेचे राज्य

एका राज्यात सारा कारभार हाकेवर चालत असे. तेथे मंत्र होते, पण ते पोथीत नव्हते. जादू होती, पण ती कांडीत नव्हती. एकाने हाक मारावी, दुसऱ्याने ओ द्यावी, आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये जे काही निजलेले असेल ते जागे व्हावे, असा त्या भूमीचा नियम होता. पाटाच्या दोन काठांवर दोघी शेजारणी उभ्या राहिल्या, एकीने हाक मारली, दुसरीने ओ दिली, की पाणी उठून शेताकडे चालू लागे. एकट्याची जादू तेथे नव्हती. राजा वज्रधरसुद्धा एकटा असला, तर त्याला आपल्याच महालाचे दार उघडता येत नसे. जाणारायेणारा कोणी भेटेपर्यंत तो पायरीवर बसून राही.

आणखी एक रीत होती. पहिल्या दोन हाकांना तेथे कोणी ओ देत नसे. मेलेली माणसे दोनदाच हाक मारू शकतात, तिसरीपुरता श्वास त्यांच्यापाशी नसतो, आणि जो त्यांना ओ देतो तो त्यांच्यामागून निघून जातो, अशी सर्वांची पक्की समजूत होती. म्हणून आई जेवायला बोलावी तेव्हाही मुले दोन हाका मोजत आणि मग धावत.

राजाची मुलगी नीलवेणी आईवेगळी होती. राज्याची मंत्रमाता शुक्तिका हिने तिला वाढवले होते. शुक्तिका फार म्हातारी झाली आणि नदीपलीकडच्या डोंगरावर आपल्या मठीत अंथरुणाला खिळली. एका तिन्हीसांजेला नीलवेणी मठीच्या ओसरीवर बसली असता आतून क्षीण हाक आली, "वेणी." थोड्या वेळाने पुन्हा आली, "वेणी." नीलवेणीने रीतीप्रमाणे ओठ मिटून तिसरीची वाट पाहिली.

तिसरी आली नाही.

शुक्तिकेने शाप उच्चारला नाही, तो लागला. त्या भूमीत एक हाक अधांतरी राहिली, की तिच्यामागच्या साऱ्या हाका अडून राहत, आणि ही तर मंत्रमातेची हाक होती. मठीचे दार मिटले, नीलवेणी खाली धावली तशी तिच्या पाठोपाठ वाटेवर शिळा आली, आणि तिने नदी ओलांडताच पूल पाण्यात उतरून निजला. राज्यातल्या सर्व माणसांच्या कंठातली ओ गेली. ती बोलत, भांडत, गात. परंतु कोणी हाक मारली तर उत्तर देता येत नसे. शेतात हरवलेले मूल आईची हाक ऐके, तोंड उघडी, आणि आवाज निघत नसे. पाट सुकले.

नीलवेणीने आपला अपराध कोणापासून लपवला नाही. राजाने तिला शिक्षा केली नाही. "मीही थांबलोच असतो," एवढेच तो म्हणाला, आणि ते तिला शिक्षेहून जड गेले.

मठीच्या कौलांवर एक साळुंकी राहत असे. पक्ष्यांमध्ये ओ देण्याची रीतच नव्हती, त्यामुळे शाप तिला लागला नव्हता. ती म्हणाली, "वेणे, परक्या जगातली ओ चालेल. महालामागे कोरडा आड आहे. त्याचा तळ या जगात नाही. त्यात हाक मार."

नीलवेणीने तीन वर्षे रोज त्या आडात वाकून हाक मारली, "आहे का कोणी?"

आडाच्या पलीकडे एक शहर होते. तेथे वीज गेली की लोक ज्या कचेरीत तक्रार करत, तेथे ऋजुता नावाची तरुणी दिवसभर त्यांना उत्तरे देत असे. एके दुपारी पाण्याच्या पिंपातून ती पेला भरत होती. पिंपातून आवाज आला, "आहे का कोणी?" आणि मागचापुढचा विचार न करता तिने सवयीने ओ दिली. दुसऱ्याच क्षणी ती हातातल्या पेल्यासह आडाच्या काठावर उभी होती.

नीलवेणी तिच्याकडे पाहतच राहिली. "आपण पहिल्याच हाकेला ओ दिलीत?"

"मग कितव्या हाकेला द्यायची असते?" ऋजुताने विचारले. मग तिने आडात डोकावून पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि पेल्यातले पाणी पिऊन टाकले. "मला जरा बसायला मिळेल का?"

तिला सर्व सांगण्यात आले. ऐकून घेण्याचीच तिला सवय होती. ती मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "एक शंका आहे. एकाच माणसाने हाक मारली आणि ओही त्यानेच दिली तर?"

"तर काही होत नाही. लोक त्याला वैद्याकडे नेतात."

"आणि मला इथून परत कसे जाता येईल?"

"आपल्या जगातून कोणी आपल्याला हाक मारली आणि आपण ओ दिलीत, तर," नीलवेणी म्हणाली. "पण शाप आहे तोवर तिकडची हाक इकडे पोहोचत नाही."

हे खरे होते, पण सगळे नव्हते. त्याच संध्याकाळी साळुंकीने नीलवेणीला एकटीला गाठून उरलेले सांगितले. "शाप सुटला, की आड दोन्हीकडून वाजू लागेल. तिला त्याच दिवशी हाक येईल. आईची हाक आहे, वेणे, ती जाईल."

"जावे. तिचे घर आहे," नीलवेणी म्हणाली, आणि तेव्हा ते बोलणे तिला मुळीच कठीण गेले नाही.

त्यानंतर सराव सुरू झाला. नीलवेणी दिव्याला हाक मारी, समोरून ऋजुता ओ देई, दिवा लागे. त्या विद्येत एक सूक्ष्म नियम होता: हाकेबरोबर हाक मारणारीच्या मनाचा एक कवडसा ओ देणारीला मिळे. हाक लहान असेल तर कवडसाही लहान.

"तुला भूक लागली आहे," दिवा लागताच ऋजुता हसून म्हणे. किंवा, "तुझा उजवा पाय मघापासून दुखतो आहे आणि तू बोलत नाहीस." आठ दिवसांत ती राजकन्येला 'तू' म्हणू लागली होती. वडील सोडले तर नीलवेणीला तसे म्हणणारे आजवर एकच माणूस होते, आणि ते मिटलेल्या मठीत राहिले होते.

पंधरा दिवसांत ऋजुताची ओ अशी तयार झाली, की सुकलेला पाटसुद्धा थरारून उठे. तरीही नीलवेणी म्हणे, "अजून कच्ची आहे. आणखी थोडे दिवस." महिना झाला. ऋजुता तिला आपल्या शहराच्या गोष्टी सांगे: रात्रीही दिवस असल्यासारखे रस्ते, आईचे शिवणयंत्र, खिडकीतली तुळस. नीलवेणी ऐके आणि मनात म्हणे, आणखी थोडे दिवस.

"कच्ची म्हणे!" साळुंकी खिडकीतून ओरडे. "काल तिच्या ओने माझे घरटे उठून चालू लागले! पक्की व्हायला आता काय डोंगर नाचवायचा आहे?"

मग एक दिवस वेशीपाशी एक बाई भेटली. तिचे मूल रानात वाट चुकले होते. ती हाका मारत होती, आणि मूल अवघ्या शंभर पावलांवर झुडपाआड बसून त्या ऐकत होते. ते सापडले तेव्हा त्याने इतका वेळ तोंड उघडे ठेवले होते, की त्याला ते मिटता येईना. नीलवेणी महालात आली आणि म्हणाली, "उद्या निघू."

पहिले काम नदीचे होते. नीलवेणीने पाण्याकडे तोंड करून पुलाला हाक मारली. ऋजुताने ओ दिली. म्हशीची पाठ वर यावी तसा पूल पाण्यातून वर आला, अंगावरचे शेवाळ झटकून दोन्ही काठांना टेकला. हाक मोठी होती, म्हणून कवडसाही मोठा होता. ऋजुताचे डोळे भरून आले.

"तीन वर्षे तू ती ओसरी सोडलेलीच नाहीस," ती म्हणाली.

"चल," नीलवेणी म्हणाली. "पूल फार वेळ जागा राहत नाही."

दुसरे काम शिळेचे. नीलवेणीने हाक मारली, ऋजुताने ओ दिली, आणि शिळा बाजूला सरली. शिळेआड एक भुयार होते आणि तीन वर्षांत अडलेल्या साऱ्या ओ तेथे रांजणांत साठल्या होत्या. तो राज्याचा सर्वात मोठा खजिना होता आणि शापित होता: ज्या रांजणाला हात लागेल, त्यातून मनाला हवी असलेली ओ ऐकू येई, आणि ऐकणारा तेथून हलत नसे. शाप लागला तेव्हा शिळेपलीकडे अडकलेली कितीतरी माणसे भिंतींना टेकून उभी होती. त्यांच्या खांद्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती, आणि सर्वांचे चेहरे सुखी होते.

नीलवेणी सावधपणे चालत होती. भुयार अरुंद झाले तेथे तिची बोटे एका रांजणाला लागली. आतून ऋजुताचा आवाज आला, "राहते मी. कुठेही जात नाही." नीलवेणी थांबली. आपण कशाला आलो, हे तिला आठवत होते. फक्त त्याची घाई वाटेनाशी झाली.

तिच्या मनगटावर हात पडला. "धरायचाच असेल तर माझा हात धर," खरी ऋजुता म्हणाली. "रांजणाचा काय धरतेस?" आणि तिने तिला ओढत भुयाराबाहेर, उन्हात आणले.

वर मठी दिसत होती. ऋजुताने तिचा हात सोडला नव्हता.

"शिळेला हाक मारलीस तेव्हा मला कवडसा मिळाला," ती म्हणाली. "शाप सुटला की मला हाक येणार. तुला महिनाभर ठाऊक होते."

"हो."

"माझी ओ कच्ची नव्हती."

"नव्हती."

"आणखी एक गोष्ट दिसली," ऋजुता म्हणाली. "ती तूच सांगितलेली बरी."

नीलवेणीने खाली दरीकडे पाहिले. "हाक मारली की ओ मिळते, हे मी लहानपणी शिकले," ती म्हणाली. "पण मी आहे एवढ्यासाठी कोणी धावत यावे, असे मला तुझ्यापूर्वी कधी वाटले नव्हते. महिना मी चोरला, ऋजू. मला तो परत करता येणार नाही."

"मी मागितला आहे का?" ऋजुता म्हणाली.

तिसरे काम मठीचे. आत ती एकच तिन्हीसांज थांबून राहिली होती. दारापलीकडून हाक येई, "वेणी." मग पुन्हा, "वेणी." मग दीर्घ शांतता, आणि पुन्हा पहिलीपासून. तीन वर्षे असेच चालले होते.

"मी देते ओ," ऋजुता म्हणाली.

"ही हाक माझी आहे. आणि मेलेल्याला ओ देणारा त्याच्यामागून जातो."

"मग तू तर नकोच देऊस! शिवाय तुझ्या कंठात ओ नाही."

नीलवेणीने दारावर हात ठेवला. तेव्हा ऋजुता हळू आवाजात म्हणाली, "वेणी, मी रोज शेकडो माणसांना ओ देत होते. अंधारात बसलेली असत ती. मी सर्वांना उत्तर दिले. पण उठून गेले मात्र कोणाकडेच नाही."

आतून पहिली हाक आली, "वेणी."

नीलवेणीने तोंड उघडले नाही. दुसरीची वाट पाहिली नाही. तिने दार ढकलले आणि ती आत गेली. दार हाकेवाचून उघडले. त्या राज्यात असे यापूर्वी कधी घडले नव्हते.

शुक्तिका अंथरुणावर होती. नीलवेणीने तिचे डोके मांडीवर घेतले.

"उशीर केलास गं," म्हातारी म्हणाली.

"हो, माई. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत होते."

"तिसरीला श्वास कुठला आणू? रीत तुला मीच शिकवली होती ना? माझेच चुकले."

"माई, त्या वेळी काय सांगायचे होते? कोणता मंत्र द्यायचा राहिला?"

"मंत्र कसला?" म्हातारी म्हणाली. "तहान लागली होती."

कोनाड्यात तांब्या होता. नीलवेणीने घोट घोट पाणी पाजले. शुक्तिकेने ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि डोळे मिटले. तिच्यामागून कोणी गेले नाही. थांबलेली तिन्हीसांज मावळली आणि बाहेर लख्ख दुपार झाली.

मग भुयारातले रांजण फुटले. साऱ्या राज्यात तीन वर्षांच्या ओ एकदम घरोघर परतल्या. ज्या आयांनी हाका मारून मारून सोडून दिल्या होत्या, त्यांना चुलीपाशी उत्तरे मिळाली. पाट उठून चालू लागले. भिंतींना टेकलेली माणसे अंगावरची जाळी झाडत घरी निघाली, आणि थोडीशी खिन्न होती.

दोघी आडापाशी आल्या तेव्हा तो वाजत होता. पाण्याचा नाही, शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला, आणि एक थकलेला आवाज आला, "ऋजू."

ऋजुताचे ओठ हलले. पण या राज्यात प्रथमच तिने ओ आवरली. ती नीलवेणीकडे वळली. "ती रोज माझ्या रिकाम्या खोलीत हाक मारत असेल." आणि मग, "तू राहा म्हणालीस तर मी राहीन. म्हणतेस?"

नीलवेणीला त्या वेळी बोलता येत होते. साऱ्या राज्याचा आवाज परत आला होता, तिचाही. तिला एकच शब्द पुरला असता.

"तुझी आई आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या हाकेची वाट पाहू नकोस."

ऋजुताने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ टेकले. आडातून पुन्हा हाक आली, "ऋजू."

"ओ," ऋजुता म्हणाली. नीलवेणीच्या गालांवर हातांची ऊब होती, हात नव्हते.

राज्याची घडी पुन्हा बसली. राजाने नीलवेणीला मंत्रमातेचे आसन दिले, आणि तिने पहिलीच आज्ञा काढली ती ही, की पहिल्या हाकेला ओ द्यावी, आणि जमेल तर उठून जावे. म्हाताऱ्या माणसांनी कुरकुर केली. मुलांनी ती आज्ञा एका दिवसात उचलली.

दुपारचे काम आवरले की नीलवेणी आडाच्या काठावर बसे. कधी वाकून पाही. कधी छाती भरून श्वास घेई, आणि मग तो हळूच सोडून देई.

"हाक मारायची असेल तर मार," साळुंकी एकदा म्हणाली. "रोज नुसती फुगतेस बेडकासारखी. ती येणार नाही, अशी भीती वाटते का?"

"नाही. येईल."

"मग?"

"येईल, म्हणूनच," नीलवेणी म्हणाली.

इतक्यात खालच्या पाटावरून कोणा शेतकरणीचा आवाज आला, "ताईसाहेब!" पाणी अर्ध्या वाटेत अडले असावे. नीलवेणीने ओ दिली, पदर खोचला, आणि ती उताराने खाली धावत गेली.