बुवांनी लावलेला कौल

“देवाला पटेल असंच वागलो ना मी, बुवा? मग जगण्याला चव का नाही?”

हे विचारणारे जयराम परब. देवळाच्या पायरीवर बसले होते, पण थाट असा की पायरीनंच उठून जागा द्यावी.

समोर सोनूबुवा कोयत्यानं फणस फोडत होते. बुवा म्हणजे या देवळाचे म्हातारे गुरव. परबांहून वयानं मोठे. अकलेनं किती, ते मी कशाला सांगू.

“काय केलंस देवासाठी?”

“कौल लावल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. विहीर खणली, म्हैस घेतली, सगळं देवाला विचारून. देवाच्या छातीवर पाण्यानं पाकळी लावायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुम्हीच तर लावत होता.”

“लावत होतो. हात दुखायचे.”

“सुलभाच्या लग्नाचं विचारलं, तेव्हा डावी पडली...”

सुलभा ही परबांची मुलगी. पाकळी पडली डावीकडं आणि मुलगी गेली खाडीपलीकडं, तिला हव्या त्या माणसाशी लग्न करून. परब लग्नाला गेले नाहीत. देवाची आज्ञा. राग आपला असला आणि आज्ञा देवाची निघाली, की आमच्या गावात माणसाला फार हायसं वाटतं.

“आज तिच्या मुलाचं बारसं आहे,” परब म्हणाले. “निरोप आलाय. हे शेवटचं बोलावणं म्हणते. आता नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही.”

“मग जा.”

“उजवी पडली तर जाईन.”

परबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीचे वाळे. तान्ह्या पायांच्या मापाचे. घेऊन झाले होते. देवाची परवानगी तेवढी राहिली होती.

त्यांनी वाळे हलवून बघितले. बारीक आवाज झाला आणि परबांचं तोंड एकदम उजळलं. त्या तोंडाला हसता येतं, हे देवळातल्या पालींनाही नवीन होतं.

“तोंडाला काय झालं रे तुझ्या?”

“कुठं काय.”

वाळे पुन्हा रुमालात गेले.

बुवा उठले. हात चिकानं माखलेले, तेलाची वाटी बाजूला तशीच. धोतराला हात पुसल्यासारखे केले, गाभाऱ्यात गेले, पाकळी लावली, गाऱ्हाणं घातलं आणि बाहेर येऊन बसले.

“बघ आता.”

परब हात जोडून बघत राहिले.

पाकळी हलेना...

ऊन पायरीवरून खाली उतरलं. पाकळी हलेना.

धक्क्यावरून होडीवाल्यानं हाक दिली. शेवटची होडी. “पलीकडं येणारं कोण आहे का?”

“तुलाच हाक मारतोय,” बुवा म्हणाले.

“पाकळी नाही पडली.”

“डावीही नाही पडली.”

“उजवीही नाही ना.”

बुवांनी एक गरा तोंडात टाकला, एक परबांना दिला. परबांनी तो हातातच धरून ठेवला. कौल चालू असताना खाल्लेलं देवाला आवडत नाही म्हणे. हे मात्र देवाला कुणी विचारलं नव्हतं.

पुन्हा हाक आली.

परब अर्धे उठले. गुडघे निघाले होते बारशाला. डोळे पाकळीवर राहिले.

...खाली बसले.

मग हाक आलीच नाही. वल्ह्यांचा आवाज आला. तोही लांब गेला.

तेव्हा कुठं परब उठून गाभाऱ्यात गेले आणि त्यांनी पाकळीला बोट लावलं. सुटेना. ओढली, तशी मागून पांढरी तार लांबत आली.

“बुवा... हा चीक आहे.”

“हो. फणसाचा.”

“देवाच्या कौलात लबाडी केलीत तुम्ही. माझी होडी गेली.”

“पाकळी चिकटवली होती मी. तुझं धोतर नव्हतं चिकटवलं.”

परब पायरीवर येऊन बसले. होडी पलीकडच्या काठाला लागत होती. परबांनी रुमाल सोडून वाळे बघितले आणि न हलवता पुन्हा बांधून ठेवले.

मग ते म्हणाले, “दुसरी पाकळी घ्या. पाण्यानं लावा या वेळी. विचारा देवाला... आता तरी प्रसन्न आहे का माझ्यावर.”

बुवांनी तेलाची वाटी ओढली आणि बोटांचा चीक काढत बसले.

“कुणाला विचारू, जयरामा? तो मघाशीच गेला त्या होडीनं. बारशाला.”