अर्ध्या प्रार्थनेचा लाजरस

बोरझिऱ्याच्या ख्रिस्ती देवळाला तेव्हा भिंती कुडाच्या होत्या, घंटेच्या जागी लोखंडाचा एक तुकडा टांगलेला होता, आणि गावात घड्याळ म्हणून वस्तूच नव्हती. तितक्या जुन्या काळची ही गोष्ट. आमच्या आज्यांनी त्यांच्या आज्यांकडून ऐकली, म्हणजे हिशेब तुम्हीच लावा.

त्या काळी बोरझिऱ्यात लाजरस नावाचा एक दोर वळणारा राहत होता. अंबाडीचा वाख भिजवावा, झोडावा, उन्हात पांढराशुभ्र करावा आणि त्याचे दोर वळावेत, हा त्याचा धंदा. बैलाचा कासरा असो की मोटेचा जाडजूड नाडा, लाजरसच्या हातचा दोर तुटला असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नाही. असं म्हणतात की, त्याच्या दाव्याला बांधलेलं खोंड वयात येऊन म्हातारं व्हायचं, पण दावं नवं ते नवंच.

दोर एकट्याने वळता येत नाही. एकाने वाख सोडत मागं मागं जायचं आणि दुसऱ्याने टोकाशी फिरकी फिरवायची. लाजरसची फिरकी फिरवायचा त्याचा धाकटा भाऊ याकोब. दोघं कामाला लागले की देवाची प्रार्थना म्हणत. तीच, जी येशूने शिष्यांना शिकवली. एक ओळ लाजरस म्हणायचा, दुसरी याकोब. प्रार्थनेच्या ठेक्यावर फिरकी फिरायची, पीळ बसत जायचा. रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकत.

आणि मग ते वर्ष आलं. लाजरसची चार वर्षांची लेक एस्तेर घशाच्या दुखण्याने आजारी पडली. सकाळी खेळत होती, दुपारी तिला श्वास घेता येईना. नदीपलीकडे मिशनचा दवाखाना होता. लाजरसने याकोबला पिटाळलं. "पळ! दाक्तरीणबाईंना घेऊन ये. कुठं थांबू नको."

याकोब पळाला. पण वाटेत जत्रा होती, कुस्त्यांचा फड रंगला होता, आणि दोन नावाजलेले मल्ल नुकतेच भिडले होते. याकोब तरणाबांड पोरगा. थांबला. एकच कुस्ती पाहिली आणि पुन्हा धावत सुटला. दाक्तरीणबाई आल्या तेव्हा एस्तेर आईच्या मांडीवर निजल्यासारखी दिसत होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली.

एका कुस्तीने पोर गेली की ती जाणारच होती, हे त्या देवालाच ठाऊक. पण लाजरसने त्या दिवसापासून भावाचं तोंड पाहिलं नाही. दोराचं एक टोक तो अंगणातल्या कडुनिंबाला बांधायचा आणि एकटाच वळत बसायचा. याकोबने कुदळ-फावडं घेतलं आणि विहिरी खणायला जाऊ लागला.

लाजरसने प्रार्थना मात्र सोडली नाही. वाख हातात घेतला की प्रार्थना सुरू. पण रोजची भाकर मागून झाली की तो थांबायचा. पुढची ओळ क्षमेची. जशी आम्ही क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. ती ओळ आली की त्याचे ओठ मिटायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. देवळातही तसंच. सगळे पुढे जायचे आणि लाजरस भाकरीपाशी उभा राहायचा. लोक त्याला अर्ध्या प्रार्थनेचा लाजरस म्हणू लागले. सुंभ जळेल पण ह्याचा पीळ जायचा नाही, असंही म्हणत.

शेवटी एकदा म्हातारे पाळकसाहेब त्याच्या अंगणात आले.

"लाजरस, प्रार्थना अशी मध्येच सोडू नये रे."

"साहेब, देवासमोर खोटं बोलू का?" लाजरस म्हणाला. "क्षमा केली नाही मी. होत नाही माझ्याच्यानं."

पाळकसाहेब त्याच्याजवळ खाली बसले. मग म्हणाले, "खोटं बोलू नको. पण त्या ओळीच्या दारापर्यंत रोज जा. दार उघडलं नाही तरी जा."

लाजरसने ते मनावर घेतलं. पहिल्या वर्षी तो त्या दाराशी जायचा आणि रागाने परत फिरायचा. तिसऱ्या वर्षी तिथं उभं राहून रडू लागला. पाचव्या वर्षी बायकोने, दीनाबाईने, पदराखाली भाकरी झाकून याकोबच्या घरी नेलेली त्याने पाहिली, आणि तो काही बोलला नाही. सातव्या वर्षी तो स्वतःच म्हणाला, "कालवण पण ने." पण ओळ काही ओठांवर येईना. अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. नदी आटली, आड आटले. तेव्हा साऱ्या गावाने मिळून एक विहीर खणायला घेतली. नऊ पुरुष खोल गेले, नऊ माणसं एकावर एक उभी करावीत तितकं खोल, तरी पाण्याचा टिपूस नाही. आत पाच जण खणत होते, आणि त्यांचा म्होरक्या होता याकोब.

आणि एका भर दुपारी आरोळी उठली, "विहीर ढासळली!"

लाजरस अंगणात होता. त्याने नुकताच वळलेला नाडा खांद्यावर टाकला आणि धावला. वरची चाकाची चौकट दोरासकट विहिरीत कोसळली होती. कडेचा मुरूम सुटून धडाधड खाली पडत होता. पाचही जण जिवंत होते, पण वर यायला वाट नव्हती. लाजरसने नाड्याचा फेरा बाभळीच्या बुंध्याला घातला, दुसरं टोक आत सोडलं, आणि सारं गाव दोराला लागलं. माळी लागले, धनगर लागले, पाटलाचा थोरला लेक लागला, ज्यांनी कधी एकमेकांच्या अंगाला अंग लावलं नव्हतं ते सारे एका दोराला लागले.

पण ओढायचं कसं? ठेका कोण देणार? हातात दोर आला तशी लाजरसच्या तोंडून आपोआप प्रार्थना सुरू झाली. प्रत्येक ओळीला एक हिसका! भाकरीपर्यंत आला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून. पहिला माणूस वर आला! पुन्हा प्रार्थना, दुसरा वर! ज्यांना ती प्रार्थना येत नव्हती तेही ओरडून म्हणू लागले. तिसरा आला. चौथा आला, त्याचा पाय मोडला होता. तो हुंदके देत म्हणाला, "याकोबनं बांधून दिलं सगळ्यांना. स्वतः मागं राहिला."

तेवढ्यात काठाचा मोठा थोरला लचका तुटला आणि आत गेला. माणसं भिऊन मागे सरली, दोरही मागे आला, आणि आता तो खाली पोचेना. लाजरसने बाभळीचा फेरा सोडवला, ते टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पार काठावर जाऊन उभा राहिला. "मागं ये!" लोक ओरडत होते. दोर तरीही दोन पुरुष कमीच पडत होता.

खालून आवाज आला, "दादा, मागं हो! काठ जाईल! चार वर आले, बास झालं."

नऊ वर्षांनी त्याने 'दादा' ऐकलं होतं. आणि मग धुळीने याकोबचा श्वास कोंडला आणि तो घरघरत खोकू लागला. ती घरघर लाजरसच्या ओळखीची होती. एस्तेरच्या शेवटच्या दुपारी त्याने ती ऐकली होती.

तो तिथून मागे फिरला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता. पण त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. स्वर्गातला बाप. त्याचं नाव. त्याचं राज्य. त्याची इच्छा. भाकर. आणि तो थांबला. सारं गाव थांबलं.

मग तो विहिरीत वाकून ओरडला, "याकोब! केली रे क्षमा! ऐकू येतंय का तुला? केली!" आणि नऊ वर्षं अडलेली ती ओळ त्याने अशी म्हटली की नदीपलीकडे ऐकू गेली, असं म्हणतात.

आणि आता काय झालं ते ऐका! विहिरीत लोंबणारा दोर गरगरा फिरू लागला. फिरत फिरत खाली उतरू लागला. लाजरस जागचा हलला नाही, कुणी तसूभर दोर सोडला नाही, तरी दोर उतरतच गेला. एक पुरुष! दोन पुरुष! काही जण म्हणतात, पीळ उलगडला म्हणून दोर लांबला. पीळ उलगडून दोर वीतभर लांबतो बाबांनो, दोन पुरुष नाही. आणि पीळ सुटलेला दोर मूलसुद्धा तोलत नाही. ह्याने तर याकोबसारखा पहिलवान गडी तोलला.

"धरला!" खालून आवाज आला. गावाने दोर ओढला. या खेपेला प्रार्थना शेवटापर्यंत गेली, आणि 'आमेन'ला याकोब काठावर आला. त्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच विहिरीच्या तळाशी कातळ फुटल्याचा आवाज झाला, आणि झरा असा उसळला की संध्याकाळपर्यंत पाणी हाताला लागलं! लोक नाचले, रडले, एकमेकांवर पाणी उडवू लागले. त्या पाण्यावर त्या दिवशी कुणी कुणाला अडवलं नाही, आणि नंतरही नाही.

त्या गोंधळात याकोब धुळीने माखलेला, मान खाली घालून बसला होता.

"दादा," तो म्हणाला, "एकच कुस्ती बघितली रे मी."

"ठाऊक आहे मला," लाजरस म्हणाला. त्याने आपल्या धोतराच्या सोग्याने भावाचं तोंड पुसलं. "चल घरी. दीना वाट बघत असेल."

लाजरस पुढे पुष्कळ जगला. तो गेला तेव्हा त्याच्या कबरीवर काय लिहावं यावर गावात बरीच चर्चा झाली, आणि शेवटी नावाखेरीज काहीच लिहिलं नाही.

पण तुम्ही कधी रविवारी बोरझिऱ्याच्या देवळात गेलात तर जपून प्रार्थना म्हणा. भाकरीची ओळ झाली की तिथं सगळे थांबतात. पाहुणा एकटाच पुढे जातो आणि ओशाळतो. त्या थांबण्याला लाजरसचा थांबा म्हणतात. त्या शांततेत ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याने उठून त्याच्यापाशी जायचं. ज्याला जाववत नाही त्याने पुढच्या ओळीला गप्प राहायचं. त्याला कुणी हसत नाही. रीत एवढीच की, पुढच्या रविवारी त्याने पुन्हा यायचं.

बहुतेक वेळा थांबा चार श्वासांचा असतो. एका वर्षी मात्र बांधावरून भांडलेले दोन चुलतभाऊ समोरासमोर बसले होते, आणि त्यातला थोरला हातातली काठी कधी टेकवी, कधी उचली. तो उठू पाहतोय हे बघून कुणी हललंच नाही. पाळक थांबले, पोरं थांबली, बाहेर उन्हं भिंतीवरून खाली उतरली. अखेर तो म्हातारा उठला, मधली वाट ओलांडून गेला आणि चुलतभावाच्या शेजारी बसला. आणि मग साऱ्या देवळाने ती ओळ अशी दणकून म्हटली की छपरावरची कबुतरं एकदम उडाली.