हेझलक्लफची मुकी बोली

“...मग हे गाव नेमकं कुणाचं, आजी? विणकरांचं, मेंढपाळांचं, की नव्यानं राहायला आलेल्यांचं?”

एडिथबाई चहात दूध ओतत होत्या. समोर सुमेधा उत्तराची वाट पाहत होती.

सुमेधा कोष्टी मूळची इचलकरंजीची. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवायची, आणि आपल्या अभ्यासाचा तिला अभिमान होता. लँकेशायरच्या डोंगरातलं हेझलक्लफ हे एकेकाळचं कापडाचं गाव शेजारच्या शहरात विलीन करायचं घाटत होतं. गुरुवारी सुनावणी होती. गावाची वेगळी ओळख काय, हे तिथं मांडायचं काम पंचायतीनं सुमेधावर सोपवलं होतं.

तिनं चाळीस पानं लिहिली. चर्चचं जुनं दप्तर, हातमागाची घरं, ओढ्याकाठची गिरणी, ती बंद पडल्याचं साल... सगळं होतं. पण ते वाचून पंचायतीतच भांडण लागलं. एक म्हणे, आम्ही विणकर. दुसरा म्हणे, गिरणीच्या आधीपासून इथं आमची मेंढरं चरतात. तिसरी म्हणे, मी माग कधी पाहिलाही नाही, मग मी इथली नाही का?

शेवटी कुणीतरी म्हणालं, एडिथबाईंना विचारा. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या बाईनं गावातल्या कित्येक मुलींना मागावर काम शिकवलं होतं. अडलं की लोक अजून त्यांच्याच दाराशी येत.

“नोराला विचार,” एडिथबाई म्हणाल्या. “समोरच राहते.”

“विचारलं. मागांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, म्हणून कागदावर लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, एडिथला विचार, तिला ठाऊक आहे.”

एडिथबाईंचा हात थांबला.

“तिनं माझं नाव घेतलं?”

“हो.”

“एडिथ म्हणाली? नुसतं एडिथ?”

सुमेधा गोंधळली. त्यात विशेष काय, ते तिला समजेना. मग एडिथबाईंनीच तुटक तुटक सांगितलं. गिरणीत दोघी शेजारशेजारच्या मागांवर असत. एकदा संप झाला. एडिथबाई संप मोडून तिसऱ्या आठवड्यात कामावर परतल्या, तेव्हा नोराबाई संपकऱ्यांबरोबर बाहेर फाटकाशी उभ्या होत्या. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मधे एवढासा रस्ता... आणि जवळजवळ पन्नास वर्षं.

एडिथबाई उठल्या. त्यांनी खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला. पलीकडे नोराबाई आपल्या खिडकीत बसल्या होत्या. एडिथबाईंनी ओठ हलवले. मोठे, सावकाश. आवाज मात्र काढला नाही.

पलीकडे नोराबाई काचेजवळ सरकल्या.

मग नोराबाईंचे ओठ हलले.

मागांच्या खडखडाटात बायका अशा बिनआवाजी बोलत, एकमेकींचे ओठ वाचत, हे सुमेधाला माहीत होतं. तिनं तळटिपेत तसं लिहिलंही होतं. आता तिला एक अक्षरही कळत नव्हतं. एडिथबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

“काय बोललात, आजी?”

“तिच्या गुडघ्याचं विचारलं.”

“आणि त्या?”

“दुखतो म्हणाली.”

“पण मी गुरुवारी काय सांगू?”

एडिथबाई कोट शोधत होत्या. त्यांना रस्ता ओलांडायचा होता.

गुरुवारी अधिकाऱ्यानं विचारलं, शेजारच्या शहरात नाही असं तुमच्याकडे काय आहे? सुमेधानं चाळीस पानं उघडली... आणि मिटली. त्या दोन खिडक्यांमध्ये जे घडलं ते तिनं सांगितलं. अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

“असं बोलणं फक्त याच गावात होतं?” त्यानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर कदाचित काम झालं असतं. पंचायतीचे अध्यक्ष आशेनं तिच्याकडे पाहत होते.

“नाही,” सुमेधा म्हणाली. “इचलकरंजीत माझी आई यंत्रमागाशेजारी सुताच्या कांड्या भरायची. तीही असंच बोलायची.”

तोंडून निघेपर्यंत तिला स्वतःलाच ते आठवलं नव्हतं.

निकाल महिन्याभरानं कळवू, असं अधिकारी म्हणाला. अध्यक्ष तिच्याशी न बोलताच निघून गेले.

ती एडिथबाईंकडे आली. नोराबाई तिथंच बसल्या होत्या. सुमेधानं घडलं ते सगळं सांगून टाकलं. आपण गावाचं भलं केलं की नुकसान, हे तिला उमगत नव्हतं. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? आठवड्यापूर्वी गाव तिच्या पानांत नीट बसलं होतं. आता ते इथं आहे की आणखी कुठं, हेही तिला सांगता येत नव्हतं.

एडिथबाईंनी ते सारं ओठांनी नोराबाईंना सांगितलं.

नोराबाई सुमेधाकडे वळल्या. मग त्यांचे ओठ हलले.

“काय म्हणाल्या?”

एडिथबाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“विचारतेय... तुझ्या आईला अजून ऐकू येतं का?”