मोगऱ्याला युरिया किती?

डॉक्टर दिगंबर खासनीस हे नत्र आणि पाणी या विषयातले एवढे मोठे तज्ज्ञ, की शेतात पाय ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पीक सल्लागारांच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या केबिनमधला पिवळा पडलेला मोगरा कुंडीसकट टेबलावर ठेवला.

"याला युरिया किती द्याल? उत्तर चुकलं, तर प्रमाणपत्र विसरा."

सगळे प्रशिक्षणार्थी खतांचे तक्ते उघडून आकडेमोड करू लागले. मालन ढोबळेला मात्र घरच्या कांद्याला पाणी सोडण्याआधी माती चाचपायची सवय. तिने उठून सरळ कुंडीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल!

"चिमूटभरही नको, सर. पाण्याने मुळं गुदमरलीत आणि होतं ते नत्रही वाहून गेलंय. आधी पाणी थांबवा."

सर लालबुंद झाले. "रोज अर्धा लिटर पाणी, असं माझ्या पुस्तकात बाराव्या पानावर छापलंय! वाचलं नाहीत?"

मालनने बोट पुसलं. "मी वाचलंय, सर. मोगऱ्याने मात्र अजून वाचलेलं नाही."

हॉलभर हशा पिकला. शेवटी सरांनीही कुंडीत बोट घालून पाहिलं. पहिली सही मालनच्या प्रमाणपत्रावर झाली, आणि मोगऱ्याला आठ दिवस तहान लागायची मुभा मिळाली.