कातळावरची शाळा

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक म्हातारे साळिंदर शाळा चालवत असे. शाळा भरे ती एका उंच कातळावर. तिथे वारा छान लागे आणि सगळे रान नजरेत येई. "शिकायला कुणीही यावं," असे साळिंदर अभिमानाने सांगे. वानराचे पिल्लू, ससा, खार रोज कातळ चढून जात. एका पाडसाचा मागचा पाय मात्र जन्मापासून अधू होता. त्याला चढता येत नसे. त्याची आई साळिंदराला म्हणाली, "गुरुजी, शाळा जरा खाली भरवता आली तर बरं होईल."

"मी कुणाला अडवलंय का, बाई?" साळिंदर म्हणाले. "त्याला खाली बसून ऐकू दे. माझा आवाज चांगला मोठा आहे."

तेव्हापासून पाडस कातळाच्या पायथ्याशी बसू लागले. वरचे हसणे त्याला ऐकू येई, पण सगळे कशाला हसले ते कळत नसे. शंका आली तरी विचारणार कुणाला? एके दिवशी साळिंदर विषारी फळांचा धडा शिकवत होते. "काजऱ्याचं फळ दिसायला सुंदर असतं, पण त्याला तोंड लावू नका. ते विष आहे." त्या दिवशी वारा सुटला होता. पाडसाला 'काजऱ्याचं फळ' आणि 'सुंदर' एवढेच ऐकू आले. परतताना वाटेत त्याला काजऱ्याची नारिंगी फळे दिसली. शाळेत शिकवलेले आपल्यालाही ओळखता आले, याचाच त्याला केवढा आनंद झाला! त्याने एक फळ खाल्ले.

पाडस वाचले, पण कसेबसे. साळिंदर भेटायला आले तेव्हा पाडसाला मानही उचलवत नव्हती. "गुरुजी, मी नीट ऐकलं नाही," ते पुटपुटले. साळिंदराला ते शब्द फार लागले. ते पाडसाजवळ बसले. मग म्हणाले, "नाही बाळा. तू ऐकत होतास. मीच तुझ्यापर्यंत पोचलो नाही."

दुसऱ्या दिवसापासून शाळा खाली, जांभळीच्या सावलीत भरू लागली. वानराचे पिल्लू कुरकुरले, "एकासाठी आम्ही सगळ्यांनी का उतरायचं?"

"कारण तुला उतरता येतं," साळिंदर शांतपणे म्हणाले, "आणि त्याला चढता येत नाही."

पाडस बरे होऊन आले तेव्हा सशाने सरकून त्याला आपल्याशेजारी जागा दिली. धडा सुरू होण्याआधीच पाडसाने एक शंका विचारली. मग दुसरी, मग आणखी एक. किती दिवसांपासून त्या मनात साठल्या होत्या! साळिंदराने त्या दिवशी नवा धडा घेतलाच नाही.

तात्पर्य : कुणाला अडवले नाही, एवढ्यानेच शाळा सर्वांची होत नाही; जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठी शाळेलाच आपली जागा बदलावी लागते.