राजाच्या खांद्याचं माप

“महायाजकाच्या अंगावर आहे, अगदी तसाच पोशाख मला हवा! सणाच्या आत! नाहीतर शल्लूम, तुझा माग सरपणाला गेला म्हणून समज!”

शल्लूम विणकराचा घास घशातच अडकला. यरुशलेमच्या या राजाला वर्दी देऊन येणं माहीतच नव्हतं. भिंतीला कान लावून ऐकायचं आणि एकदम दारात उभं राहायचं, ही त्याची खोड.

राजाचं पोट कशाने दुखतंय, ते अख्ख्या शहराला ठाऊक होतं. महायाजक, म्हणजे देवाच्या मंदिराचा मुख्य पुजारी, बाहेर पडला की त्याच्या निळ्या झग्याच्या काठाला सोन्याचे घुंगरू रुणझुणत, मधूनमधून सुताची डाळिंबं डुलत, छातीवर बारा रत्नं झळकत. आणि लोक राजाकडे पाठ करून तिकडेच बघत!

“पण महाराज,” शल्लूम चाचरत म्हणाला, “त्या रत्नांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावं असतात. दोन्ही खांद्यांच्या मण्यांवर पुन्हा सहा-सहा. सगळी प्रजा अंगावर घेऊन तो देवापुढे उभा राहतो.”

“माझ्या पोशाखावर एवढी गर्दी नको! बाराही रत्नांवर माझं नाव. दोन्ही खांद्यांवर माझंच!”

शल्लूम पेचात पडला. विणावं तर देवाचा कोप, न विणावं तर माग चुलीत! त्याची मुलगी तिर्सा कोपऱ्यात लाल सूत गुंडाळत होती. त्या मागाखाली रांगत ती मोठी झाली होती. तो जळू द्यायला ती काय वेडी होती?

“बाबा, हो म्हणा की!” ती उठलीच. “उभे राहा महाराज, माप घेते.”

राजा खूश! छाती फुगवून ताठ उभा राहिला. तिर्सा मात्र हातात दोरी धरून नुसतीच बघत राहिली.

“अगं, घे ना माप!”

“घेते की. तुम्ही आधी वर चढा.”

“कशावर?”

“तुमच्या खांद्यावर.”

“मुली, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“महाराज, या पोशाखासाठी रिकाम्या खांद्याचं माप आमच्या घरात घेत नाहीत. भार पडला की खांदा लवतो आणि शिवण उसवते. म्हणून मण्यांवर ज्यांची नावं, त्यांना आधी खांद्यावर बसवायचं, मग दोरी लावायची. महायाजकाच्या खांद्यावर दर वंशाचा एकेक गडी चढतो. म्हातारा कण्हतो, कुंथतो, पण एकालाही नाही म्हणत नाही!”

शल्लूमने घाईघाईने मान डोलावली.

“मग माझ्या खांद्यावर प्रधानाला बसव!”

“मण्यावर त्याचं नाव घालू?”

“मुळीच नाही!”

“मग माप चुकेल. नाव तुमचं, तर बसायचंही तुम्हीच.”

राजा हट्टाला पेटला. त्याने एक पाय उचलला, मान वाकडी केली, मागाचा खांब धरून उडी मारली आणि सुताच्या ढिगात धपकन पडला. तिर्साने ओठ दाताखाली दाबून धरले.

“बरं बाई, घाल त्या बारा वंशांची नावं!” राजा कपाळावरचं सूत काढत खेकसला.

“आत्ता हाका मारते! एका वंशाचा मेंढपाळ दारातच उभा आहे. पलीकडे दुसऱ्या वंशाचा कातडी कमावणारा आहे, त्याचे पाय अजून कातड्यांच्या कुंडातच असतील. आधी कोणाला चढवू?”

मेंढपाळ बिचारा आज्ञाधारक! तो चिखलाच्या पायांनी पुढे आलासुद्धा. राजाने ते पाय पाहिले, आपला खांदा पाहिला, आणि एकदम खो खो हसत सुटला.

“त्या म्हाताऱ्याचा पोशाख त्यालाच लखलाभ! शल्लूम, वाचला तुझा माग! पोरी, बोल, काय देऊ? सोनं माग, मळा माग!”

“सोन्याचा एक घुंगरू द्या.”

“एकच? घालणार कुठे?”

“तुमच्या चपलेला, महाराज! महायाजकसुद्धा देवाच्या घरात शिरताना घुंगरू वाजवत जातो. तुम्ही आमच्या घरात शिरताना वाजलात, तर बाबांचा घास सुखाने खाली उतरेल!”

राजा पोट धरधरून हसला. शल्लूमला द्राक्षमळा मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून यरुशलेमच्या गल्ल्यांत राजाच्या आधी त्याची चप्पल ऐकू येऊ लागली. छुम! छुम!